फ्लाइट तात्या आणि दिल्लीचं विमान

हवाई दलानं नवं लढाऊ विमान कुठलं घ्यावं, हे घोंगडं दिल्लीत किती वर्षं भिजत पडलं होतं ते दिल्लीला ठाऊक. सांगलीत हा प्रश्न दर सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत निकालात निघत असे. निकाल देणारे फ्लाइट तात्या. जागा माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा व्हरांडा. चहाचे पैसे माझे.

सोमवार अशासाठी, की त्या दिवशी तात्यांचं वर्कशॉप बंद असायचं. माझ्या भिंतीला भिंत लावून त्यांचा पत्र्याचा कारखाना होता. स्कूटर, डिझेल इंजिन, पाण्याचा पंप, काय वाटेल ते दुरुस्त व्हायचं. सहा दिवस भिंतीच्या त्या बाजूला हातोडी आणि ह्या बाजूला आठ टाइपरायटर असा सामना चालायचा. सातव्या दिवशी दोन्ही पक्ष थकून व्हरांड्यात बसत.

तात्या मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि फौज म्हणजे पायदळ. तात्या तेवढे हवाई दलात गेले. कारण विचारलं तर सांगायचे, “भरतीच्या दिवशी पायदळाची रांग लय लांब, त्यात उन्हात. शेजारी दुसरी रांग हुती, आखूड आन् सावलीला. म्या तिकडं सरकलो.” त्या सावलीत त्यांनी तेवीस वर्षं काढली. विमानाच्या इंजिनांचे फिटर म्हणून राबले आणि फ्लाइट सार्जंट होऊन बाहेर पडले. बायकोचं माहेर सांगलीजवळ, म्हणून इथं दुकान थाटलं. सांगलीकरांना ‘फ्लाइट सार्जंट’ म्हणायला फार लांब पडायचं. त्यांनी पुढचं फ्लाइट ठेवलं आणि मागं तात्या जोडलं. त्यामुळं नवख्या माणसाला वाटायचं की हे विमान चालवत होते. कुणी तरी हमखास विचारायचं, “तात्या, लढाईत किती विमानं पाडली?”

“येकबी न्हाई,” तात्या म्हणायचे. “आन् आपलं येकबी पडू दिलं न्हाई.”

जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांनी दोन वर्ग केले होते, सर्विसेबल आणि अनसर्विसेबल. चहा गार झाला की अनसर्विसेबल. नगरपालिका कायमची अनसर्विसेबल. माझ्यासाठी सांगून आलेल्या एका मुलीचा फोटो त्यांना दाखवला, तर तो बराच वेळ न्याहाळून म्हणाले, “पोरगी सर्विसेबल हाय. तुमचं बघा मास्तर.” मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि इंग्रजी टायपिंगच्या जोरावर स्वतःला बराच मोठा माणूस समजत होतो.

वर्कशॉपच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक पान्ह्याची, पकडीची, स्क्रू-ड्रायव्हरची आकृती रंगानं काढलेली. संध्याकाळी एकही आकृती रिकामी दिसली तर दुकान बंद होत नसे आणि गाडी बाहेर जात नसे. विमानाच्या पोटात पान्हा विसरला तर पायलट मरतो, ही त्यांची पहिली शिकवण. ती त्यांनी स्कूटरलाही लावली. एकदा एक बारका स्क्रू-ड्रायव्हर सापडेना, तर मिरजेच्या एका डॉक्टरांची नुकतीच जोडलेली स्कूटर त्यांनी पुन्हा पूर्ण उलगडली. डॉक्टर घड्याळ बघत उभे. रात्री आठला घरून तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या. त्यांच्या हातात तो स्क्रू-ड्रायव्हर. तुपाचा डबा उघडायला दुपारी नेला होता म्हणाल्या. तात्यांनी तो फळीवर लावला, डॉक्टरांना कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, “आता न्या. गॅरंटी.”

आता विमानाचं. तात्यांचा एकुलता एक मुलगा सुरेश हवाई दलात पायलट होता. गोम अशी की तात्यांनी उमेदीच्या काळात ज्या जातीच्या विमानाच्या पोटात हात घातले, तेच विमान आता सुरेश उडवत होता. एक इंजिन, एक माणूस. “विमानात खोट न्हाई,” तात्या म्हणायचे. “वय झालंय. माझंबी झालंय. पर मला कुणी आकाशात सोडत न्हाई.” त्या विमानाच्या जागी नवं आणायचं हे दिल्लीनं ठरवलं होतं, पण कुठलं ते ठरत नव्हतं. ठरेपर्यंत सुरेश जुन्यातच बसणार होता. तात्यांचा सगळा जीव या एका गोष्टीत अडकला होता. बाकीची आमची करमणूक होती, त्यांची नव्हती.

बापलेकांचं नातंही मजेचं. बाप फ्लाइट सार्जंट, लेक फ्लाइट लेफ्टनंट. एकदा सुरेश स्टेशनवरून युनिफॉर्मातच थेट वर्कशॉपमध्ये आला. तात्या एका रिक्षाखाली उताणे. त्यांना फक्त चकचकीत बूट आणि इस्त्रीची पँट दिसली. ते सरपटत बाहेर आले आणि काय होतंय हे कळायच्या आत टाचा जुळवून उभे राहिले. सुरेश कानापर्यंत लाल झाला. “तात्या, आवं मी हाय,” तो म्हणाला. तात्या तसेच उभे राहून म्हणाले, “दिसलं मला. पाय सवयीनं जुळलं.” मग दोघंही बराच वेळ त्या रिक्षाबद्दलच बोलत राहिले.

तर विमानं तीन होती. इंग्रज आणि फ्रेंच यांनी मिळून केलेलं एक, फ्रेंचांचं स्वतःचं एक आणि तिसरं स्वीडनचं. मिरजेच्या रद्दीवाल्याकडून तात्या विलायती मासिकं आणायचे. मी त्यांतला मजकूर मराठीत सांगायचो. वेग किती, उंची किती, बाँब किती नेतं, हे सगळं ते पाहुण्याच्या पोराचे मार्क ऐकावेत तसं ऐकायचे. मग विचारायचे, “पंपाचं झाकण किती स्क्रूचं हाय?”

“ते दिलेलं नाही, तात्या.”

“मंग मासिक अनसर्विसेबल.”

त्यांचा हिशेब वेगळाच होता. विमानाची किंमत म्हणजे पाटीवर लिहिलेली रक्कम नव्हे. इंजिन उतरवायला किती माणसं, किती तास? टायर किती उतरण्यांनी बदलायचं? सुटा भाग मागवला तर तो कुठल्या देशातून आणि कुठल्या महिन्यात येणार? त्या देशाशी तेव्हा आपलं बोलणं असेल का? “ईस वर्सं सांभाळायचंय त्येला,” ते म्हणायचे. “घेताना येकदाच पैसं द्यायचं आन् ठेवताना रोज.” हे सगळं दिल्लीला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच, अशी त्यांची खात्री झाली. पत्रं सुरू झाली. ते व्हरांड्यात येरझारा घालत मराठी, फौजी हिंदी आणि फिटरची इंग्रजी यांची भेळ करून सांगायचे आणि मी तिचं साहेबी इंग्रजी करायचो. एका पत्रातला मजकूर मला अजून पाठ आहे: “महोदय, विमान विकायला आलेल्या साहेबाचा विमानाशेजारी उभं करून फोटो काढू नये. त्याला विमानाखाली झोपवावं, हातात पान्हा द्यावा आणि तेलाचा पंप काढून परत बसवायला सांगावं. दोन तासांत जमलं नाही तर चहा पाजून परत पाठवावं.” खाली तात्यांची वळणदार सही. तिकीट ते स्वतः चिकटवायचे. पेटी माझ्या जायच्या वाटेवर होती म्हणून टाकायचं काम माझ्याकडे.

दुसरं पत्र टाइप झालं त्याच आठवड्यात मला सुरेशचं पत्र आलं, घरच्या पत्त्यावर नव्हे, इन्स्टिट्यूटच्या. “मास्तर, तात्यांचं दिल्लीला काय चाललंय ते आईनं कळवलं. माझा बाप विमान खरेदीबद्दल मंत्रालयाला लिहितो हे वर कळलं तर मला जाब द्यावा लागेल. त्यांना लिहू द्या, त्यांना बरं वाटतं. पण कृपा करून टपालात टाकू नका. आणि त्यांना सांगू नका.”

पहिलं गेलं होतं, पुढची मी टाकली नाहीत. माझ्या लोखंडी कपाटात, जुन्या रिबिनींच्या खोक्यात ती साठत गेली. सोमवारी तात्या विचारायचे, “आलं का उत्तर?” मी म्हणायचो, “दिल्ली आहे, तात्या, वेळ लागतो.” ते माझ्याकडे बघत म्हणायचे, “व्हय, लागतोच.” मला त्या प्रत्येक वेळी लाज वाटली आहे, हे इथं कबूल करून टाकतो. लाज वाटून मी काही केलं मात्र नाही.

तिघांमध्ये तात्यांचा जीव स्वीडनच्या विमानावर बसला. मी मासिकातून वाचून दाखवलं होतं की ते विमान विमानतळ नसला तरी सरळ साध्या रस्त्यावर उतरतं आणि नव्यानं भरती झालेली पोरंसुद्धा त्याची देखभाल करतात. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “रस्त्यावर?” दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघं शंभर फुटी टेप घेऊन सांगली-मिरज रस्त्यावर. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. रस्ता किती रुंद, झाड कुठं, खांब कुठं, वळण कुठं सुरू होतं. तात्या मोठ्यानं आकडे सांगत आणि मी वहीत लिहीत होतो.

दिवस आणीबाणीचे. टेप घेतलेला माणूस रस्त्यावर दिसला की त्याचा अर्थ एकच. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंच्या दुकानदारांत बातमी पसरली की रस्ता रुंद होणार आणि दुकानं पाडणार. संध्याकाळी वर्कशॉपसमोर पन्नासेक माणसं जमली. एका शिंप्यानं तात्यांना फुकट सदरा शिवून द्यायचं कबूल केलं. रसवंतीवाला हात जोडून म्हणाला, “सायेब, माझा कडुनिंब तेवढा लिस्टातनं काढा.” तात्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि खरं काय ते सांगितलं. “आवं, घाबरू नगासा. रस्ता रुंद करायचा न्हाई. हितं लढाऊ विमान उतरवायचंय.”

यावर जो गलका झाला तो थांबवायला पोलीस चौकीवरून जमादार आले. जमादार स्वतः माजी सैनिक. त्यांनी वही नीट बघितली, आकडे तपासले आणि गंभीरपणे विचारलं, “तात्या, उसाच्या गाड्यांचं काय?”

तेवीस वर्षं हवाई दलात काढलेल्या माणसाला उसाची बैलगाडी आठवली नव्हती. कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यावर गाडीमागं गाडी, बैल चालत आणि गाडीवान झोपलेला. तात्यांनी वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “लिहा मास्तर. गळिताच्या हंगामात सदर रस्ता लढाईस मोकळा मिळणार नाही.” ते वाक्य पुढच्या पत्रात जसंच्या तसं गेलं. म्हणजे माझ्या खोक्यात गेलं.

आमच्या सोमवारच्या बैठकीत तिसरे होते नेमाण्णा. हळदीचे अडते, वयानं तात्यांच्या बरोबरीचे, पांढरं धोतर आणि काळी टोपी. मार्केट यार्डात उघडा लिलाव सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नेमाण्णांची हयात रुमालाखालच्या सौद्यात गेली होती. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे आणि भाव तोंडानं न बोलता बोटं दाबून ठरवायचा. बैलबाजारात ते अजून चालतं. नेमाण्णांच्या मते दिल्लीचं चुकत होतं ते एवढंच. “तीन इकणारे येका खोलीत बसवून बोलत्यात. त्ये काय भाव पाडणार? येकेकाला रुमालाखाली घ्याया पायजे.”

“मंग घे की,” तात्या म्हणाले. “तू सरकार. मी विकणार.”

नेमाण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. तात्या आधी इंग्रज झाले. इंग्रज झाल्यावर ते ताठ बसले आणि आढ्याकडं बघू लागले. फ्रेंच झाल्यावर त्यांनी मिशीला पीळ दिला आणि माझ्या चहातला अर्धा पिऊन टाकला. स्वीडनचा माणूस कसा असतो हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तेव्हा ते नुसतेच गरीब चेहरा करून बसले. नेमाण्णा हळद बघावी तसं नसलेलं विमान बघत होते. “ओल हाय ह्यात,” “माल मागल्या सालचा वाटतुया,” “तूट कोण सोसणार?” असं पुटपुटत ते बोटं दाबत होते. पंच्याखाली झटापट झाल्यासारखं दिसत होतं.

“इंजिनं किती?” नेमाण्णांनी इंग्रजाला विचारलं.

“दोन.”

“बाकीच्यांची येक, तुझी दोन? मंग खर्च दुप्पट की रं.”

“दुप्पट,” तात्या म्हणाले आणि एकदम इंग्रजाचे तात्या झाले. “फिटरला दुप्पट काम. तेल दुप्पट. पर येक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरला येतंय.” मग जरा थांबून ते म्हणाले, “फिटर म्हणून इचारशीला तर स्वीडनचं घ्या. बाप म्हणून इचारशीला तर दोन इंजिनं घ्या. काय करू सांग.”

नेमाण्णांनी त्यांचा हात सोडला नाही. धंद्याच्याच सुरात, पण हळू, त्यांनी विचारलं, “समदं धरलंस. टायर धरलंस, तेल धरलंस. आत बसणाऱ्याचं काय धरलंयस?”

मला दिसत होता तो फक्त पंचा. त्याखालची हालचाल थांबली. तात्यांनी हात काढून घेतला, चहा गार झाला म्हणाले आणि उठून वर्कशॉपमध्ये गेले. ते गेल्यावर नेमाण्णा मला म्हणाले, “चुकलं माझं, मास्तर. सौद्याच्या नादात बोलून गेलो.” खरं तर त्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला होता. तात्यांनी खर्चाचा एक मोठा तक्ता केला होता. त्यात शेवटून दुसरी ओळ ‘पायलट’ होती आणि तिच्यापुढची जागा त्यांनी सुरुवातीपासून कोरी ठेवली होती.

मग तो दिवस आला, ज्याबद्दल मला विनोद करता येणार नाही. सकाळच्या मराठी बातम्यांत सांगितलं की हवाई दलाचं एक विमान सरावाच्या वेळी कोसळलं आणि वैमानिक ठार झाला. विमानाची जात तीच. ठिकाण सुरेशच्या तळाजवळचं. नाव सांगितलं नाही. नेमाण्णा धावत तार ऑफिसात गेले आणि लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा ट्रंक कॉल, लावून बसले. तात्या वर्कशॉपमध्ये एका स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडत होते. उघडला, साफ केला, जोडला. पुन्हा उघडला. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. इन्स्टिट्यूट मी बंद ठेवली होती. “नट तुटला असंल,” ते मध्येच म्हणाले. मग म्हणाले, “न्हाई, पक्षी असंल.” काकूंना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. काकू घरून जेवायला या म्हणून निरोप पाठवत होत्या.

दुपारी तीनला तार ऑफिसातून बोलावणं आलं. आम्ही पोचलो तेव्हा नेमाण्णांनी फोन आधीच हातात धरला होता. पलीकडून सुरेशचा आवाज. तात्या एवढ्या मोठ्यानं ओरडले की काउंटरवरची माणसं वळली. “सुरेश! जेवलास का?” दुसरं काही त्यांना विचारता आलं नाही. फोन ठेवल्यावर ते हसत होते, डोळे पुसत होते. मला मिठी मारली. नेमाण्णांना म्हणाले, “पेढं आण गड्या, शेरभर आण.”

नेमाण्णा पुडा घेऊन आले. तात्यांनी दोरी सोडायला घेतली आणि त्यांचा हात तिथंच राहिला. ते ऑफिसच्या पायरीवर बसले. “कोण गेला त्येचं नावबी म्या इचारलं न्हाई,” ते म्हणाले. “दुसऱ्याचं पोरगं गेलं आन् मी पेढं वाटाय निघालो.” नेमाण्णांनी तो पुडा जवळच्या शाळेत देऊन टाकला.

त्यानंतरच्या सोमवारी तात्यांनी तक्त्यातली ‘पायलट’ ही ओळ रेघ मारून काढली. मला वाटलं ते हिशेब सोडून देणार. पण त्यांनी नवा कागद मागितला आणि जुन्या विमानाचा खर्च मांडायला घेतला. नवं घ्यायला जितके महिने उशीर, तितक्या महिन्यांत जुनं किती वेळा उडणार, एवढाच. रुपये त्यात नव्हतेच. तो तक्ता मी फार काळजीपूर्वक टाइप केला. तेही पत्र खोक्यात गेलं.

अठ्ठ्याहत्तर साली दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत निर्णय झाला. त्याआधी स्वीडनच्या विमानाचं असं झालं, की त्याचं इंजिन मूळचं अमेरिकेचं निघालं आणि अमेरिका त्याला आडवी आली. “पोरगी चांगली हुती,” तात्या म्हणाले, “मामानं मोडता घातला.” शेवटी इंग्रज-फ्रेंचांचं, दोन इंजिनांचं विमान ठरलं. मी पेपर घेऊन वर्कशॉपमध्ये पळत गेलो. तात्यांनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली. फिटर हरला होता आणि बाप जिंकला होता. त्या दिवशी त्यांनी सगळ्या गाड्यांची मजुरी माफ केली. नेमाण्णा गल्लीत सांगत सुटले की दिल्लीनं अखेर तात्यांचं ऐकलं. माझ्या खोक्यात तेव्हा एकोणीस पत्रं होती. मी मान खाली घालून पेढा खाल्ला.

दिवाळीला सुरेश रजेवर आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात आम्ही चौघं बसलो होतो. नेमाण्णांनीच विचारलं, “मंग सुरेशराव, नव्यात कवा बसणार?”

सुरेश कपाकडे बघत म्हणाला, “काका, आधी थोडीच येणार आहेत. पहिल्या तुकडीतले पायलट निवडून झाले, ते शिकायला इंग्लंडला जातील. आमच्या स्क्वाड्रनची पाळी शेवटी. चार-पाच वर्षं तरी लागतील. तोवर जुनंच.”

तात्यांनी विडी पेटवली, विझवली. “म्हंजे दोन इंजिनं दुसऱ्यांच्या पोरांस्नी,” ते म्हणाले.

“हो, तात्या.”

“मिळू द्यात.” तात्या म्हणाले. “त्यांस्नीबी बाप हायतच की.” तार ऑफिसाची पायरी मला आठवली, आणि नेमाण्णांनाही आठवली असणार, कारण त्यांनी उगाचच खाकरून घसा साफ केला.

रजा संपली तेव्हा सुरेशला पोचवायला मी तात्यांबरोबर मिरज स्टेशनवर गेलो. काकू घरीच थांबल्या होत्या. गाडी लागलेली होती. सुरेश खिडकीत बसला आणि तात्यांनी बाहेरून त्याच्या मनगटाला धरलं. आणि मग फ्लाइट सार्जंटनं फ्लाइट लेफ्टनंटची जी शाळा घेतली ती मी कधी विसरणार नाही. उजव्या पंखाखालचं झाकण डोळ्यांनी बघू नकोस, हातानं दाबून बघ. इंजिन सुरू करताना आधी आवाज ऐक, मग काटा बघ, काटा उशिरा बोलतो. फिटर नवा असला तर त्याला त्याच्या नावानं हाक मार. फिटरचा आदल्या दिवशी घरात वाद झाला असेल तर त्या विमानात बसू नकोस. डब्यातली माणसं कान देऊन ऐकत होती. सुरेशला हे सगळं ठाऊक होतं. तो प्रत्येक वाक्याला “होय तात्या” म्हणत होता आणि एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता. गाडी हलली तरी तात्यांनी मनगट सोडलं नाही. चार-पाच डब्यांइतकं अंतर ते तसेच तिच्याबरोबर चालत गेले, मग धावले, मग सुरेशनंच हात सोडवून घेतला.

मी त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा ते फलाटाच्या टोकाला रुळांकडे बघत, धाप टाकत उभे होते. परत येताना पुलाच्या जिन्यापाशी ते म्हणाले, “मास्तर, उद्या मशिनवर कागद चढवा.”

“कुणाला लिहायचं?”

“दिल्लीला. लिहा, ठरवलंत ते ब्येस केलंत. आता आणा म्हणावं. शेवटल्या स्क्वाड्रनला मिळंस्तवर थांबू नका म्हणावं. जुन्यातनं उतरवा पोरांस्नी. बास, येवढंच.”

मी बरं म्हणालो. ते जिना चढू लागले. मधल्या पायरीवर कठडा धरून थांबले आणि माझ्याकडे न वळताच म्हणाले, “आन् मास्तर, ह्ये तेवढं पेटीत टाका.”

मी खालच्या पायरीवर उभाच राहिलो. तात्या एकेक पायरी चढत वर गेले आणि पुलावरच्या गर्दीत दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी मी ते पत्र टाइप केलं, सुरेशला जाब द्यावा लागू नये म्हणून खाली सही माझी स्वतःची केली आणि पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.